तिला न सांगता टाकलेला चेंडू

लेगस्पिन कशी टाकायची हे मला बाबांनी शिकवलं. ती नीट कशी टाकायची हे शिकवलं माझ्या विकेटकीपरने. आम्ही दोघी जेमतेम दोन वर्षं एका टीममध्ये खेळलो. बाबांना एकदा सांगितलं ते सोडलं, तर तिच्याबद्दल मी आजवर घरातसुद्धा कुणाशी धड बोललेले नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही बोरीवलीला राहायचो. बाबा गिरणीत साचे खात्यात, मागावर होते. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी संपली ती संपलीच. मग कुठे वॉचमनची ड्यूटी, कुठे दुकानात माल मोजायचं काम, असं चालू होतं. पण तरुणपणी ते गिरणीच्या टीममधून लेगस्पिन टाकायचे आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मुलगा नव्हता, मी एकटीच. बारावीची परीक्षा संपल्यावर एका दुपारी त्यांनी मला इमारतीच्या मागे नेलं, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने तीन स्टंप काढले आणि माझ्या हातात जुना सीझन बॉल दिला.

"दोन बोटं वर, तिसरं वाकवून शिवणीवर. चेंडू फिरवायचा तो ह्या तिसऱ्या बोटाने आणि मनगटाने. अंगठा नुसता पाहुणा."

महिनाभर त्यांनी मला टप्पा वगैरे काही सांगितलं नाही. नुसता चेंडू या हातातून त्या हातात फिरवायचा. बसता-उठता, अभ्यास करताना, जेवायला बसेपर्यंत. आई मालवणची. ताटावर बसले तरी माझ्या हातात चेंडू दिसला की ती भडकायची. "त्या चेंडवाक भात भरवतंस काय गो?" बाबा खाली मान घालून हसायचे. तिसऱ्या बोटाची कातडी सोलून निघाली, त्यावर आईनेच हळद आणि खोबरेल लावलं.

कॉलेजला गेल्यावर मुलींच्या एका क्लबची जाहिरात नोटीस बोर्डवर दिसली. बोरीवली पश्चिमेला एका मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सकाळी प्रॅक्टिस असायची. आमचे सर एका शाळेत पीटी शिकवायचे. पहिल्या दिवशी मी चेंडू टाकला आणि तो इतका वळला की सर नुसते बघत राहिले. दुसरा चेंडू बाजूच्या नेटमध्ये गेला. तिसरा बॅट्समनच्या डोक्यावरून. हेच माझं दुखणं होतं. चेंडू वळायचा, पण पडायचा कुठे ते मलाच माहीत नसायचं.

ती त्याच आठवड्यात आली. गोराईच्या कोळी कुटुंबातली. वडील मासेमारीला जायचे, आई बोरीवलीच्या बाजारात मासे विकायला बसायची. ती पहाटेच्या होडीने खाडी ओलांडून यायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पायात घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. सरांनी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "कुणी पकडत नाय ते पकडते." घरी भावांच्या टेनिस बॉलच्या मॅचमध्ये तिला बॅटिंग मिळायची नाही म्हणून ती स्टंपच्या मागे उभी राहायची. तिथेच शिकली.

पहिल्या सकाळी माझे निम्मे चेंडू तिने अंगावर घेतले. सर तिला ओरडले.  प्रॅक्टिस संपल्यावर मी पाणी पीत होते, तिथे ती येऊन म्हणाली, "तू बॉल सोडतेस आणि लगेच डावीकडे पळतेस. कुणाच्या काचेवर दगड मारलास काय?"

मला राग आला. "तुला पकडता येत नाही ते बघ आधी."

"पकडीन गं. पण तू बॉल सोडेपर्यंत तरी उभी राहा ना."

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर आली. मीही आले होते, का ते मला माहीत नाही. तिने आपला एक ग्लोव्ह पिचवर चांगल्या टप्प्याच्या जागी ठेवला आणि स्वतः एकाच ग्लोव्हने स्टंपमागे बसली. मी टाकत गेले, ती सांगत गेली. बाबा शिकवायचे ते बाजूला उभं राहून. समोरून मला कुणी पाहिलंच नव्हतं. ती समोरून बघायची, बावीस यार्डांवरून, आणि तिला सगळं दिसायचं. माझं डोकं चेंडू सोडताना उजवीकडे कलतं. डावा हात लवकर पडतो, त्यामुळे खांदा उघडतो आणि चेंडू लेगला भरकटतो. पुढचा पाय पडल्यावर मी त्याच्यावरून पूर्ण वळत नाही, अर्ध्यातच थांबते. डावा हात बॅट्समनकडे रोखून धर, तो खाली येईल तसा उजवा वर येऊ दे. पुढच्या पायाच्या चवड्यावर अख्खी फिर. उजवा हात शेवटी डाव्या कमरेपाशी यायला पाहिजे, नाही आला तर तो बॉल टाकलाच नाही असं समज.

"आणि घाई नको," ती म्हणायची. "वर टाक. लटकू दे हवेत. बॅटिंगवालीला विचार करू दे, चुकीचा."

मला टप्पा सापडायला चार महिने लागले. ग्लोव्हवर सहापैकी चार चेंडू पडले त्या सकाळी ती ओरडत धावत आली आणि मला उचललं. मग आम्ही दोघी तिच्या आईच्या गाळ्यावर गेलो. तिच्या आईने माझा हात हातात घेऊन तिसऱ्या बोटावरचा घट्टा दाबून पाहिला. म्हणाली, "कोलंबी सोलणाऱ्या बाईचा हात असा असतो." मला ते फार आवडलं होतं.

गुगलीही आम्ही दोघींनीच बसवली. बाबांनी पकड दाखवली, पण हात कुठे उघडा पडतो ते तिने सांगितलं. गुगली टाकताना माझा खांदा खाली जायचा आणि तिला ती आधीच कळायची. "मला कळली म्हणजे बॅटिंगवालीला पण कळणार." ती कळेनाशी होईपर्यंत तिने मला सोडलं नाही. ज्या दिवशी तिला हातातून कळली नाही, त्या दिवशी आम्ही खूण ठरवली. रनअपला वळायच्या आधी मी वेणीला हात लावला की येणारा चेंडू वेगळा आहे. ग्लोव्ह मांडीवर एकदा आपटून ती कळल्याचं सांगायची.

मी विकेट घेऊ लागले. बहुतेक तिच्याच हातून. बॅट्समन पुढे यायची, चुकायची, आणि मागे वळून बघेपर्यंत बेल्स पडलेल्या असायच्या.

दुसऱ्या वर्षी चेंबूरला एक मॅच जिंकून आम्ही सगळ्या मैदानाच्या कडेला वडापाव खात बसलो होतो. मी पाच विकेट घेतल्या होत्या. मुंबईच्या टीमची निवड जवळ आली होती आणि माझं नाव घेतलं जात होतं. आमची कॅप्टन मोठी होती, बँकेत नोकरी करायची. ती हसत म्हणाली, "हिच्या सगळ्या विकेट खरं तर कीपरच्या. ही नुसता हात फिरवते. डोकं मागे बसलेलं असतं, स्टंपच्या."

सगळ्या हसल्या. सरही हसले. म्हणाले, "मग स्कोअरबुकात वाटून लिहायच्या का?"

आणि तीही हसली. तोंडात घास होता, तोंडावर हात धरून हसली. त्यात काही नव्हतं, आज मला ते कळतं. तेव्हा मला वाटलं, हिलाही तेच वाटतं. मी अर्धा वडापाव तसाच ठेवला. परत येताना ती बाजूला बसून काही सांगत होती, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या आठवड्यात मी बाबांना म्हटलं, मला अजून एक चेंडू शिकवा. ते खूश झाले. टॉपस्पिन शिकवायला घेतला. मनगट लेगब्रेकला वळतं त्याहून थोडं जास्त वळवायचं, गुगलीपेक्षा कमी. चेंडू बाजूला वळत नाही. सरळच येतो, पण वाटतो त्याच्या अलीकडे पडतो आणि पडल्यावर उंच उसळतो. टाकीच्या भिंतीशी मी रोज संध्याकाळी तासभर तेवढा एकच चेंडू टाकायचे. तीनएक आठवड्यांत तो बसला. आमच्या सिमेंटवर तर तो माझ्या गळ्यापर्यंत उडायचा.

एका संध्याकाळी बाबा चेंडू उचलून देताना म्हणाले, "कीपरला सांगितलंस ना ह्याचं? तिच्यासोबत बसवून घे. हा चेंडू तोंडावर येतो."

"सांगितलंय," मी म्हटलं.

सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. मला एक विकेट अशी हवी होती, जी पाहून तिलाही प्रश्न पडेल की हे कुठून आलं. एवढंच. याहून वाईट काही माझ्या मनात नव्हतं. पण एवढं होतं.

मॅच घाटकोपरला होती, मातीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटवर. मॅटवर चेंडू उसळतो हे प्रत्येक स्पिनरला माहीत असतं, मला तर त्याच्यासाठीच ती मॅच हवी होती. निवड समितीतल्या एक बाई तंबूपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी माझ्या पाचव्या ओव्हरपर्यंत लेगब्रेकच टाकत राहिले. दोन गुगल्या, वेणीला हात लावून. तिने मांडीवर ग्लोव्ह आपटला. एक विकेट मिळाली होती. समोरची बॅट्समन आता धीट झाली होती, पुढे येऊन मारत होती.

रनअपला वळायच्या आधी मी समोर पाहिलं. ती स्टंपला चिकटून बसली होती, नेहमीसारखी, डोळे माझ्या हातावर. मी वेणीला हात लावला नाही.

चेंडू हातातून सुटला तेव्हाच मला कळलं की आजपर्यंत टाकलेला हा सगळ्यात चांगला चेंडू आहे. तो वर गेला, लटकला, एकदम खाली आला. बॅट्समन दोन पावलं पुढे येऊन त्याच्याखालून बॅट फिरवून बसली. मागे आमची कीपर लेगब्रेकच्या हिशेबाने खाली वाकून आपल्या उजवीकडे सरकत होती. चेंडू वळला नाही. मॅटवरून सरळ उडाला, तिच्या डाव्या डोळ्यावर आदळला आणि तिथून उलट स्टंपवर पडला. बेल्स उडाल्या. बॅट्समन बाहेर होती.

अंपायरने बोट वर केलं. कीपरच्या अंगाला लागून चेंडू स्टंपवर गेला तरी ते स्टंपिंगच असतं.

मी उडी मारली. हात वर करून ओरडले. माझ्याबरोबर पॉइंटची मुलगीही ओरडली. त्या दोन-तीन सेकंदांत मला नुसती विकेट दिसत होती. मग ओरडणं एका बाजूने थांबत गेलं, आणि मला ती दिसली. गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही ग्लोव्ह चेहऱ्यावर, आणि ग्लोव्हच्या खालून रक्त मनगटापर्यंत आलेलं. ती ओरडत नव्हती. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "आउट झाली?"

"हो," मी म्हटलं.

सर आणि कॅप्टन तिला रिक्षाने हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. मला सरांनी थांबवलं, ओव्हर पूर्ण कर म्हणाले. मी ती पूर्ण केली. काय टाकलं आठवत नाही. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा तिची आई पोचली होती. तशीच बाजारातून उठून आली होती, पदर खोचलेला, हाताला खवले चिकटलेले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाचा बॉल होता गं?"

"माझा."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. तू काय मुद्दाम टाकलास?"

डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळेल, याहून जास्त आशा धरू नका. ती महिनाभराने घरी गेली. निवडीची यादी त्याच्या आधीच लागली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. त्या बाईंनी सरांना सांगितलं होतं म्हणे, असा टॉपस्पिन मुलींमध्ये पाहिला नाही.

मी गोराईला गेले. होडीतून उतरून टांग्याने त्यांच्या घरापर्यंत. अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि ती पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होती. डाव्या बाजूने गेले तर तिला मी दिसलेच नाही. हाक मारल्यावर तिने अख्खी मान वळवली. निवडीचं तिला कळलं होतं. "झकास ना यार," म्हणाली, आणि खरंच हसली. आईला चहा करायला सांगितला. मग आम्ही दोघीच राहिल्यावर, सुई जाळ्यातून ओढत तिने विचारलं, "तू वेणीला हात लावला होतास काय गं त्या बॉलला? माझं लक्ष नव्हतं काय? मी रोज तेच आठवते. आठवत नाय."

मला सांगता आलं असतं. तिने दारच उघडून दिलं होतं.

"लावला होता," मी म्हटलं.

तिने जाळ्याला एक गाठ मारली. मग म्हणाली, "मग माझीच चूक."

चहा आला. मी तो प्यायले.

त्या मोसमात मी मुंबईकडून चार मॅच खेळले. नवी कीपर चांगली होती, पण टप्पा पडल्यावर चेंडू बघून पकडायची, माझ्या हाताकडे बघायची नाही. मला कुणी सांगायचं नाही की खांदा पडतोय, डोकं कलतंय. माझा टप्पा हळूहळू परत हरवला. टॉपस्पिन मी एकदाही टाकला नाही. टाकायला गेले की मनगट मध्येच सैल व्हायचं. चौथ्या मॅचला मला दोन ओव्हर देऊन काढून टाकलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी परत गोराईला गेले, सांगायचं ठरवून. ती घरी एकटी होती. दारातच, चप्पल न काढता मी बोलून टाकलं. खूण केली नव्हती. चेंडू तुझ्यापासून लपवून शिकले होते. बाबांशी खोटं बोलले, तुझ्याशीही.

ती ऐकत होती, चेहरा जरा वळवून, उजवा डोळा माझ्यावर.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी स्टंपच्या मागे तुझ्या हाताशिवाय दुसरं काय बघायचे गं? तू हात नाय लावलास. मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू सांगतेस काय बघायला." तिचा आवाज चढला नव्हता. "डोळा गेला तो बॉलने गेला. खेळात जातं कुणाकुणाचं. मी म्हटलं, ही सांगेल. मग आपण दोघी मिळून रडू. तू माझ्या घरात बसून म्हणालीस, लावला होता."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो मागे घेतला, रागाने नाही, नुसता मागे घेतला.

"आता जा तू. ओहोटी लागली की होडी बंद होईल. आणि परत नको येऊ."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. आई आत होती, तिनेही ऐकलं असणार.  बाबा म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." एवढंच. नंतर त्यांनी माझ्यापुढे क्रिकेटचा विषय काढला नाही, टीव्हीवर मॅच लागली तर ते उठून गॅलरीत जायचे. मला शिक्षा म्हणून नव्हे. मला वाटतं, तो चेंडू आपणच शिकवला हे त्यांना सोसत नव्हतं. मी क्लब सोडला. पुढे टायपिंगची परीक्षा दिली, मुलुंडला एका कंपनीत लागले.

तिला त्यानंतर एकदाच भेटले, तीन वर्षांनी. दिवाळीच्या आधी आईबरोबर बोरीवलीच्या बाजारात गेले होते. तिची आई गाळ्यावर नव्हती, तीच बसली होती. अंगाने भरली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. बाजूच्या बाईशी बोलत तिचा हात सुरमई कापत होता, बघायचीही गरज नव्हती. सगळं माहीत असून नसल्यासारखी आई गाळ्यापुढे थांबली. कदाचित मुद्दामच थांबली असेल.

तिने मान वळवली. मला पाहिलं. ओळखलं, त्यात शंका नाही, कारण कोयता क्षणभर थांबला.

"काय देऊ ताई?" ती म्हणाली.

आम्ही दोघी एकाच वयाच्या. दोन वर्षं आम्ही एकमेकींना शिव्या देऊन हाका मारल्या होत्या.  शेवटी आई म्हणाली, "बांगडे दी गो, ताजे आसत तर."

तिने बांगडे निवडले, साफ केले, आईच्या पिशवीत घातले. वर दोन जास्तीचे टाकले आणि आईला म्हणाली, "हे असेच, मावशी." मग लगेच पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली, अख्खी मान वळवून. मी आईच्या मागून चालू लागले.